अडीचशेचा चिखल

मेल एका ओळीचा होता. ‘स्टोरी मस्त, पण मिक्स मडी वाटतोय. फिक्स करून पाठवशील?’ आणि शेवटी एक स्मायली. मला त्या स्मायलीचाच जास्त राग आला.

मडी म्हणजे चिखल झालेला. बारा मिनिटांची ऑडिओ स्टोरी होती, पुण्याच्या मार्केट यार्डातल्या फुलबाजारावरची. पहाटे चारला उठून, झेंडू-शेवंतीच्या ढिगांमधून वाट काढत, एका फुलवाल्या मावशींच्या तोंडासमोर तासभर रेकॉर्डर धरून मी ती केली होती. मावशी काय सॉलिड बोलल्या होत्या! आणि एसी ऑफिसात बसलेल्या कुणाला तरी त्यात चिखल ऐकू येत होता. बरं, या स्टोरीचे पैसे आले की घरभाडं जाणार होतं. (फ्रीलान्सर्सना हे वाक्य समजावून सांगायला नको. नोकरीवाल्यांनी एक तारखेला पगाराचा एसेमेस आलाच नाही तर, अशी कल्पना करून बघावी.)

मग मी तेच केलं जे सगळे करतात. लॅपटॉप उघडला, सॉफ्टवेअरमधला इक्वलायझर, म्हणजे ती वळणावळणाची रेघ, समोर आणली आणि इकडे जरा वर, तिकडे जरा खाली असा स्वयंपाक सुरू केला. मीठ जास्त झालं म्हणून पाणी, पाणी जास्त झालं म्हणून तिखट. रात्री दीड वाजता ‘जबरी!’ वाटलेलं सकाळी ऐकलं तर मावशी बादलीत तोंड घालून बोलत होत्या.

खरा लोच्या असा होता की चिखल नेमका कुठे आहे, तेच मला ऐकू येत नव्हतं. काहीतरी बिघडलंय एवढं कळत होतं. पण त्या बिघाडाचं नाव, गाव, पत्ता काहीच नाही. मास कॉमला आम्हाला ऑडिओचं एक युनिट होतं, त्यात मायक्रोफोनच्या आकृत्या काढल्या की मार्क मिळायचे. आकृत्या माझ्या छान यायच्या.

एका नाटकवाल्या मित्राने काकांचा नंबर दिला. काका पन्नाशीतले. नाटकांना साऊंड देतात, गणपतीत मंडप सांभाळतात, मधल्या काळात कीर्तन, व्याख्यान, जे येईल ते. मी भेटायला गेले तेव्हा एका छोट्या नाट्यगृहात प्रयोगाआधीची माइक टेस्ट चालू होती. स्टेजवरून ‘हॅलो, चेक, वन, टू’ चालू असतानाच स्पीकरमधून ती सुप्रसिद्ध ‘कुईंऽऽ’ आली. शाळेच्या गॅदरिंगपासून आपण सगळे जिला घाबरतो, ती. काकांच्या समोर एकतीस पट्ट्यांचा इक्वलायझर होता. एकतीस! काकांची नजर स्टेजवरच. हात मात्र खाली गेला, एक पट्टी बोटभर खाली सरकली आणि कुईं गायब.

‘अडीच,’ काका स्वतःशीच म्हणाले.

‘काका, कसं कळलं?’

‘ऐकू आलं.’

‘पण अडीचच कसं? दोन का नाही?’

‘मॅडम, आईचा फोन आला तर नुसत्या हॅलोवरून कळतं ना, आईच आहे म्हणून? की आधी नंबर बघता?’

अडीच म्हणजे अडीच हजार हर्ट्झ. एका सेकंदात हवेची अडीच हजार कंपनं. माणसाच्या कानाला साधारण वीसपासून वीस हजारांपर्यंतची कंपनं ऐकू येतात, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. त्या एवढ्या मोठ्या गावात प्रत्येक आवाजाची गल्ली वेगळी, आणि काकांना सगळ्या गल्ल्या पाठ.

मी जरा फुशारकी मारली. म्हटलं, लहानपणी पेटी शिकलेय, कान तयार आहे माझा. काका हसले. म्हणाले, तो कान वेगळा आणि हा कान वेगळा. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबली की ४४० हर्ट्झचा सूर येतो, बरोबर. पण त्याच वेळी ८८०, १३२०, १७६० असे त्याचे वरचे भाऊबंदही बोलत असतात. ते कुणी जोरात, कुणी हळू बोलतात, म्हणून पेटी ही पेटी वाटते आणि तोच सूर बासरीवर वाजला तर बासरी वाटते. (बहुतेक चर्मवाद्यांचे हे भाऊबंद एकमेकांशी भांडतात. तबला मृदंगाचे मात्र शाईमुळे सुरात येतात, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच लिहून ठेवलंय. नोबेलच्या दहा वर्षं आधी!) सूर ओळखणं म्हणजे कोण बोलतंय ते ओळखणं. मिक्सिंगवाल्याला मात्र घोळक्यात कोण फार ओरडतंय आणि कुणाचा आवाज दबलाय, ते ऐकायचं असतं.

‘शिकवाल का?’ मी विचारलं.

‘शिकवायचं काय त्यात? बाराखडी येते ना?’

आणि खरंच, पुढची पंधरा मिनिटं त्या साऊंड केबिनमध्ये बसून मी बाराखडी म्हटली. ‘ऊ’ म्हण. हे अडीचशेच्या आसपास. ‘ओ’ म्हण. पाचशे. ‘आ’ म्हणजे हजार. ‘ए’ दोन हजार. ‘ई’ चार हजार. प्रत्येक वेळी आकडा दुप्पट, म्हणजे एकेक सप्तक वर. स्वरयंत्रातून येणारा मूळ आवाज एकच असतो, पण ओठ, जीभ आणि तोंडाची पोकळी आकार बदलते आणि प्रत्येक वेळी वेगळ्या पट्ट्याला उचलून धरते. म्हणजे आपल्या तोंडात जन्मापासून एक इक्वलायझर बसवलेला आहे. फुकट, आणि एकदम हाय-एंड! काकांनी त्यावर एक दुरुस्ती केली, की हे आकडे काटेकोर नाहीत, माणसागणिक थोडे सरकतात. पण गल्ली सापडते. घर मग शोधता येतं.

एखादा आवाज ‘ऊ ऊ’ करत घुमतोय असं वाटलं तर अडीचशेला बघायचं. ‘ओ ओ’ करतोय, पुठ्ठ्याच्या खोक्यातून आल्यासारखा, तर पाचशे. नाकात बोलल्यासारखा, तर हजारच्या आगेमागे. टोचत असेल तर तीन ते चार हजार. आणि त्याच्याही वर पाच ते आठ हजारांत राहतो आपला ‘स’. ‘श’ त्याच्या जरा खालच्या मजल्यावर. जुने लँडलाइन फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पलीकडे पोचवायचे. ‘स’चा बराचसा भाग त्या खिडकीच्या बाहेरच राहायचा. आपले बाबा लोक फोनवर ओरडून ‘सातारचा स!’ म्हणायचे, ती काही नुसती सवय नव्हती. आणखी एक गंमत. पुरुषांच्या आवाजाचा मूळ सूर बहुतेक वेळा दीडशेच्याही खाली असतो, म्हणजे तोही खिडकीबाहेर. तरी फोनवर बाबा बाबांसारखेच वाटायचे. भाऊबंद ऐकू आले की मेंदू मूळ पुरुष मनातल्या मनात उभा करतो.

होमवर्क मिळाला. लॅपटॉपवर पिंक नॉइज लावायचा. पिंक नॉइज म्हणजे सगळ्या सप्तकांत सारखीच ताकद असलेला गोंगाट. मंगलोरी कौलांवर पाऊस पडतोय असा ऐकू येतो. ट्रेनिंगचं अॅप त्यातला एक पट्टा गुपचूप उचलतं, आणि आपण ओळखायचं कुठला. आधी बारा डेसिबलने उचललेला, म्हणजे ढळढळीत. ते जमलं की सहा. मग तीन. रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. आवाज कमी ठेवायचा, आणि आधी आकडा मोठ्याने बोलायचा, मगच उत्तर बघायचं. ‘पट्टी फिरवून फिरवून शोधायचं नाही,’ काकांनी दम दिला, ‘ते म्हणजे उत्तरपत्रिका बघून गणित सोडवणं.’

पहिल्या आठवड्यात माझे दहापैकी तीन यायचे. डोळे मिटून ठोकले असते तरी एक-दोन आलेच असते. घरात मी सारखी ‘ऊऽऽ, ओऽऽ’ करत फिरायचे, त्यामुळे रूममेटने एकदा गंभीरपणे विचारलं, की तू कुठल्या आश्रमात जायला लागलीयेस का. दुसऱ्या आठवड्यात पाच. आणि तिसऱ्या आठवड्यात एक भारी गोष्ट झाली. रात्री पाणी प्यायला उठले, फ्रिज गुणगुणत होता, आणि मी झोपेत म्हटलं, ‘शंभर.’ आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची. ती एका फेऱ्यात दोनदा चुंबकाला खेचते, म्हणून ट्रान्सफॉर्मरचा गुंजारव शंभरचा येतो. फ्रिजही त्यातलाच. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी दुसऱ्या दिवशी वाचून खात्री केली. अशा वेळी जो आनंद होतो तो इन्क्रिमेंटलाही होत नाही. (मला इन्क्रिमेंट मिळून बराच काळ झालाय, ही गोष्ट वेगळी.)

वाचता वाचता हेही कळलं की पोलंडमध्ये वॉर्सोच्या शोपॅनच्या नावाच्या संगीत विद्यापीठात साऊंडच्या विद्यार्थ्यांना १९७० च्या दशकापासून हाच अभ्यास, ‘टिंबर सॉल्फेज’ या नावाने, शिकवला जातो. म्हणजे नाकाचा, खोक्याचा, चिखलाचा रियाज. काकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘असं? फी किती घेतात?’

मग मी मावशींची फाइल पुन्हा उघडली. आणि काय सांगू, पहिल्या वाक्यालाच ‘ऊ’ ऐकू आला! अडीचशे. रेकॉर्डर मी मावशींच्या अगदी ओठांपाशी धरला होता. एका दिशेने ऐकणारा माइक तोंडाच्या फार जवळ नेला की खालचे पट्टे फुगतात, हा माइकचा स्वभावच आहे. मला वाटलं होतं, जवळ धरला की आवाज ‘वार्म’ येतो. आला, पण एवढा वार्म की मावशी उबल्या. अडीचशेला चार डेसिबल कापले. चिखल गेला. मागे शंभरचा बारीक गुंजारव होता, बहुतेक जवळच्या डीपीचा, तोही काढला. मग आवाज जरा मंद वाटला म्हणून वर चार हजारला थोडं उचललं. अजून थोडं. आता कसं लख्ख! पाठवून दिलं.

संध्याकाळी मेल आला. ‘मच बेटर! पण आता जरा टोचतंय. हेडफोनवर तर कानात टाचणी.’ स्मायली नव्हती.

मी फाइल घेऊन थेट काकांकडे. त्यांनी ऐकली आणि चारच सेकंदांत म्हणाले, ‘ई. केवढा ई टाकलायस! जेवणात मिरची टाकतात, मिरचीत जेवण नाही.’ मी म्हटलं, मला तर टोचत नाहीये. काका माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, एडिट करताना हेडफोन कसा घालतेस? मी दाखवलं. डावा कान आत, उजवा मोकळा. माझी सवयच आहे ती, दाराची बेल, फोन ऐकू यावा म्हणून.

‘अॅप काढ. चार हजारचा प्रश्न लाव.’

लावला. डाव्या कानाने ऐकलं. पाऊस, आणि फक्त पाऊस. म्हटलं, काही उचललंच नाहीये याने.

‘आता हेडफोन उलटा घाल.’

उलटा घातला, तोच आवाज उजव्या कानात आला, आणि ‘ई’ समोर येऊन उभा राहिला.

मला आठवलं, तीन आठवडे माझे चार हजारचे प्रश्न सगळ्यात जास्त चुकत होते. मी म्हणायचे, कठीण असतो तो पट्टा. कठीण कसला! १९३३ मध्ये बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी कान कुठे किती तीक्ष्ण आहे याचे आलेख काढले, तेव्हापासून सगळ्या जगाला माहीत आहे की दोन ते पाच हजार हा तर आपल्या कानाचा सर्वांत तल्लख भाग. तिथे कमी ऐकू येणं म्हणजे अख्ख्या घरात नेमका हॉलमधलाच दिवा गेलेला असणं.

ऑडिओलॉजिस्टकडे जायला मी आठ दिवस लावले. आधी कामं होती, मग पाऊस होता. खरं म्हणजे मी टरकले होते. काचेच्या बंद खोलीत बसवतात, हेडफोन घालतात, हातात एक बटण देतात. ऐकू आलं की दाबायचं. आणि सूर कुठले असतात? अडीचशे, पाचशे, हजार, दोन हजार, चार हजार, आठ हजार. माझीच बाराखडी! मी मनातल्या मनात ऊ, ओ, आ, ए करत बटण दाबत होते. डाव्या कानाला ‘ए’नंतर बराच वेळ शांतता होती. ती शांतता मला अजून आठवते. बाहेर बसलेल्या मॅडमचा हात चालू दिसत होता, म्हणजे त्या सूर देत होत्या. मला येत नव्हता.

रिपोर्टमध्ये डाव्या कानाची रेघ चार हजारला खड्ड्यासारखी खाली जाते आणि आठ हजारला पुन्हा वर येते. मॅडम म्हणाल्या, हा असा खड्डा बहुतेक वेळा गोंगाटाने पडतो. फॅक्टरीत, फटाक्यांनी, किंवा... ‘इअरफोन वापरता?’

तर, माझी पहिली नोकरी मुंबईत होती. डोंबिवली ते परळ, जाऊन-येऊन रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, अडीच वर्षं. इअरफोनचं डावं बोंडूक कानात, उजवं गळ्यात. कारण उजव्या कानाने ‘पुढील स्टेशन’ ऐकायचं असायचं, आणि बायकांच्या डब्यातल्या उत्तमोत्तम कहाण्याही. गाडीच्या खडखडाटाला ओलांडून एकाच कानात गाणं ऐकू यायला हवं म्हणजे व्हॉल्यूम फुल्ल. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सांगतो, मोठ्या माणसांनी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ऐकलं तर चालेल, ९० ला फक्त ४ तास. माझे बारा व्हायचे. किती डेसिबल, ते तेव्हा मोजलंय कुणी?

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनीही तपासलं, कारण एकाच कानाला कमी असलं की बाकी काही नाही ना हे बघावं लागतं. बाकी काही नव्हतं. ऐकण्याचं मशीन वगैरे लागणार नाही. पण गेलेलं परत येत नाही. आतल्या कानातल्या त्या सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. खड्डा आहे तेवढाच ठेवायचा, एवढं आपल्या हातात. मी बाहेर येऊन रिक्षात बसले आणि जरा रडले. अठ्ठाविसाव्या वर्षी आपलं काहीतरी कायमचं कमी झालं, हे ऐकायची प्रॅक्टिस नसते ना.

काकांना रिपोर्ट दाखवला. वाटलं, म्हणतील आता हे काम विसर. काकांनी रिपोर्ट लांब धरून वाचला, चष्मा काढला, पुसला. ‘माझा वरचा मजला कधीच रिकामा झालाय,’ म्हणाले. ‘आठ हजारच्या वर मला फारसं काही येत नाही. मंडपात उभं राहून राहून गेलं. तेव्हा कोण सांगणार होतं? मग तिथलं मी पोराला विचारतो.’ पोरगा म्हणजे त्यांचा असिस्टंट, एकोणीस वर्षांचा. केबल गुंडाळता गुंडाळता तो ओशाळून हसला. ‘कुठे ऐकू येत नाही ते माहीत असलं की काम होतं. तुला पंधरा दिवसांपूर्वी तेही माहीत नव्हतं.’

तिसरा मिक्स मी दोन्ही कानांनी केला. अर्धं काम हेडफोन सरळ घालून, अर्धं उलटा घालून. आवाज एवढा कमी की मावशी शेजारच्या खोलीत बोलतायत असं वाटावं. चार हजारचा तो सगळा ‘ई’ काढून टाकला, आणि त्या जागी हात लावायच्या आधी रूममेटला बसवून विचारलं, टोचतंय का? तिने अर्ध्या तासात तीनदा ‘नाही’ म्हटलं आणि बदल्यात पिझ्झा मागितला. मेल आला, ‘परफेक्ट.’ पेमेंट पंचेचाळीस दिवसांनी. घरभाडं बाबांकडून घेतलं.

स्टोरी आली त्या रविवारी पहाटे मी मार्केट यार्डात गेले, मावशींना ऐकवायला. गोंगाटात फोन त्यांच्या कानाशी धरला. आपला स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडं खालचे पट्टे भरभरून पोचवतात. म्हणून तर रेकॉर्डिंगवरचा स्वतःचा आवाज कुणालाच आवडत नाही. त्यात फोनचा एवढासा स्पीकर. मावशींनी मिनिटभर ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि फोन परत दिला.

‘अगं बया, ह्यो माझा आवाज? लईच बारीक येतोय की. जरा भारदस्त कर ना.’

म्हणजे अडीचशे.